उंबऱ्यातली पहिली वाटी

शाम शुई पो, हाँगकाँग
२ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून मीही पत्रच लिहिते आहे. इथे सगळं ठीक. हवा दमट आहे, भिंतींना पाणी सुटलंय, पितळी हंडे कितीही घासले तरी दुपारपर्यंत काळवंडतात. माझी तब्येत उत्तम. पेनांगला उकाडा सुरू झाला असेल. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

आता मुद्द्याचं. आपल्या चुलतभावाने, किन-वाने, कळवलं ते खरं आहे. मी सकाळची पहिली वाटी पीत नाही. आजोबांपासून आपल्या दुकानाचा मालक दार उघडून उंबऱ्यात उभा राहतो, सगळ्या गल्लीदेखत त्या दिवशी उकळलेल्या मुळ्या-पाल्याच्या कडू चहाची पहिली वाटी रिकामी करतो आणि मगच विक्री सुरू होते. ते मी थांबवलं. छिंग-मिंगला आईबाबांची थडगी झाडायला येशील, तोवर मी वाटी उचलली नाही तर दुकान किन-वाच्या हाती देईन, असं तू लिहिलंस. दुकान तुझ्या नावावर आहे, देऊ शकतोस. वाटी मात्र मी उचलणार नाही.

किन-वाने तोडगाही काढला होता. "ताई, वाटीत साधा काळा चहा ओत. रंग तोच दिसतो. लांबून कुणाला कळतंय?"

"मला कळतं की," मी म्हटलं.

"तू ना, धंदा बुडवणार!"

गिऱ्हाइकं कमी झाली, हे कबूल. टॅक्सी चालवणारे फोक काका तर सगळ्यांसमोर ओरडले, "काय गं, स्वतः शिवत नाहीस आणि आम्हाला पाजतेस? विष-बिष कालवलंयस की काय?"

"विष कालवायला तुमच्यासारखी चिकट गिऱ्हाइकं परवडत नाहीत, काका. माझ्या गोळीचं आणि या चहाचं पटत नाही, म्हणून पीत नाही. तुम्ही कसली गोळी घेता?"

"कसली नाही. फक्त तळलेले मासळीचे गोळे!"

"मग प्या."

प्यायले, तोंड वेडंवाकडं केलं, खारवलेलं आलुबुखार चोखत गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. घशाला बरं वाटलं म्हणाले. वाटणारच. तळलेलं खाऊन अंगात उष्णता झाली, तोंड आलं, जागरणाने डोळे जळजळले, की लोक आपल्याकडे येतात आणि त्यांना आराम पडतो, हे मी जन्मभर बघत आले आहे. मी चहावर रुसलेले नाही. पण किन-वाने फळीवर "सर्व रोगांवर, सर्वांसाठी" असं रंगवून घेतलं होतं, ते मी तारेच्या घासणीने खरवडून काढलं. तिथे आता लिहिलंय: पोटात बाळ असेल, रोजची गोळी चालू असेल, तर आधी सांगा. तुला ती पाटी म्हणजे बाबांचा अपमान वाटतो.

बाबा तापाने फणफणले असतानाही वाटी प्यायचे, असं तू लिहिलंस. प्यायचे. पण दादा, बाबांच्या छातीत कुणी धातूची झडप बसवली नव्हती.

तर वर तब्येतीचं लिहिलं, ते खोटं आहे. दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करून तू विमानात बसला असतास, म्हणून शस्त्रक्रियेचं कळवलं नाही. आता रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काढे बंद. काही मुळ्या रक्त आणखी पातळ करतात, काही गोळीचा जोर घालवतात. तुमच्या हंड्यात कशाचं काय होईल, मी सांगू शकत नाही." मी मान डोलावली, घरी आले आणि उंबऱ्यात उभी राहून वाटी प्यायले. मालकीण प्यायली नाही तर कोण पिणार? रोज प्यायले. हातांवर निळे डाग उठले, ते मी बाहीखाली झाकले. मग एका सकाळी वाटी ओठांशी असतानाच नाकातून धार लागली. थांबेचना. चहात रक्त पडलं, दादा. खाली रांगेतली माणसं उभी होती. फोक काकांनीच टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं, आणि मी बरी होऊन आल्यावर तेच मला विष कालवलंस का म्हणून चिडवतात. त्यांना चिडवू दे. त्यांनी पाहिलंय.

मी तुटले नाही, घाबरलेही नाही. पण वाटी उचलायची म्हणजे समोरच्याला सांगायचं, हे कुणालाही चालतं. ते मी सांगणार नाही. बाबांनी सांगितलं असलं तरी.

आणखी एक. या वेळी चहाच्या पाल्याचं नेहमीचं पुडकं पाठवलेलं नाही. शोधू नकोस. नववर्षात तुझा डावा हात लुळा पडला होता, तेव्हापासून तूही माझ्यासारखीच गोळी घेतोस, आणि डॉक्टरांच्या नकळत माझ्या पुडक्यांचा काढा दोन्ही वेळ पितोस, असं वहिनीने मला फोनवर सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस. मी तुझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून. फिट्टंफाट. मला ओरड.

छिंग-मिंगला ये. किल्ली माझ्याच कमरेला असेल. घ्यायची तर गल्लीसमोर घे. वाटी मागितलीस, तर सगळ्यांना विचारते तेच तुलाही विचारेन, आणि तू खरं सांगितलंस की हंड्याचं झाकण लावेन.

पहिली वाटी न पिणारी, तरी दार रोज उघडणारी,
तुझी धाकटी
युन-सिम