उलटा नंबर

१२ जानेवारी
म्हैसूर गाठलं एकदाचं! लष्कर मोहल्ल्यात शिलाईच्या दुकानावर खोली मिळाली. घरमालकीण भागीरथीबाई, खालचं दुकानही त्यांचंच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. त्यांचं मराठी अर्ध्यावर कानडीत शिरतं. आल्याआल्या विचारलं, ऊट आय्ता? म्हणजे, जेवलास का. नाही म्हटल्यावर पुढ्यात ताट. वर टोमणा : कॉलेज सोडलंस ते सोडलंस, जेवण कशाला सोडायचं अप्पा?

कॉलेज सुटलं देवश्रीपायी. तिच्याबद्दल अचकटविचकट बोलला म्हणून एकाचं नाक फोडलं. तर तीच भडकली, मला ब्लॉक केलं. ती आता इथे नोकरीला आहे. समोर जायची छाती नाही. पण एका गावात आहोत, हेही काही कमी नाही.

१५ जानेवारी
प्रोग्राम लिहिला : दहा आकडी मूळ संख्या, उलट्या वाचल्या तरी मूळच राहणाऱ्या. ढिगाने सापडल्या. सहज देवश्रीचा नंबर तपासला. तोही त्यातलाच! नऊने सुरू, सातने शेवट. म्हणजे उलटाही मोबाइल नंबर होऊ शकतो. राहवेना. भरदुपारी तो उलटा नंबर लावला.

उचलला तिनेच. तोच आवाज. म्हणाली, किती वाट बघायला लावलीस रे.

१६ जानेवारी
पुन्हा बोललो, तासभर. तिने विचारलं, मूळ संख्येला भाग कुणाचा जातो? म्हटलं, एकाचा आणि तिचा स्वतःचा. हसली. मग आपल्यालाही तिसरं कुणी नको, म्हणाली.

खाली गेलो तर भागीरथीबाईंनी विचारलं, काय शिवायचंय? चेष्टाच असणार.

१७ जानेवारी
आजही बोललो. नंतर आईला फोन केला. राँग नंबर म्हणून तिने ठेवला. पुन्हा केला, हातापाया पडलो. घाबरून म्हणाली, मला मूलबाळच नाही हो, भाऊ.

१८ जानेवारी
आतापर्यंत तीनदा बोललो, दर बोलण्यामागे एकजण मला विसरतो. भागीरथीबाई, आई — तिसरं कोण?
आता लावायचा नाही. मेलो तरी नाही.

१९ जानेवारी
चामराजपुरमला जाऊन थांबलो. देवश्री ऑफिसातून बाहेर आली. म्हटलं, शिव्या दे, थोबाडीत मार — तिने मैत्रिणीला विचारलं, कोण गं हा? चेहऱ्यावर साधा रागही नाही.

भागीरथीबाईंची नजर चुकवून परत आलो आणि — लावलाच. आता विसरायला उरलंय कोण?

२० जानेवारी
खोलीत चोर शिरला म्हणून भागीरथीबाई ओरडतायत. माणसं जिन्यात —
पुन्हा उलटा नंबर लावला. म्हटलं, तू तरी सांग यांना. ती म्हणाली, कोण बोलतंय?

दार ठोठावतायत. नाव विचारतायत. विसरू नये म्हणून आधी इथे लिहितो. माझं नाव —