लाम्ब्रुस्को आणि कोथिंबीर वडी

ब्रिस्टल,
रविवार, २५ नोव्हेंबर २००७

प्रिय नीना,

तू फोन उचलत नाहीस, ई-मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टाचं तिकीट चाटावं लागलं. कार्डिफला सगळे बरे असाल. आम्ही आहोत तसेच.

आधी तक्रार नोंदवून घे. तू माझ्याकडे विसरलेल्या लाम्ब्रुस्को वाईनच्या बाटलीने आज माझा पाऊण तास आणि एक नख खाल्लं. जिच्या घरात तीन कॉर्कस्क्रू आहेत अशा प्रतिष्ठित बाईसमोर बाटलीने बुचावर लोखंडी चिमटा आवळून बसावं? शेवटी आमच्या संजयची पक्कड आणली. बूच थेट छताला. छत गेल्याच महिन्यात रंगवलंय.

मंडळाच्या दिवाळी अंकातला माझा लेख तू वाचलास, हे तुझ्या नवऱ्याकडून, विष्णूकडून कळलं. तू जानेवारीपासून लॅबमध्ये पुन्हा पाच दिवस जाणार आणि बाटल्यांची उरलेली तीन खोकी हॉस्पिटलच्या रॅफलला देणार, हेही कळलं. "तो विषय आता नको, वहिनी," म्हणाला. मी भडकले. एका फसलेल्या संध्याकाळीपायी वाईन चाखवण्याचा एवढा आवडता उद्योग कोणी सोडतं का?

पण फसली कशी, ते लेखात नाही.

मे महिन्यात तू विचारलंस, "तीन जुलै, मंगळवार, हॉल स्वस्तात मिळतोय. चालेल ना गं?" मी म्हटलं, "तुझा कार्यक्रम, तू ठरव." मंडळाचं कॅलेंडर मी करते, नीना. प्रत्येक चंद्रोदय मी स्वतः टाइप करते. त्या मंगळवारी अंगारकी आहे, हे मला माहीत होतं. तू उपासतापास करत नाहीस, तुला कुठून कळणार?

आठवड्यात चाळीस नावं आली होती तुझ्याकडे. माझ्या हास्यसंध्येला अकरा, त्यात संजय.

मग तो हॉल. कोथिंबीर वडी, सलामी, चीजचे ढलपे, आणि तू उभी: "इटलीत मोदेनाकडे तळलेल्या फुगीर पुऱ्यांबरोबर हीच गार, फेसाळ वाईन पितात. आंबट असते, तेलकटपणा धुऊन काढते. मग आपल्या वडीशी का नाही जमणार?" समोर निम्मे लोक हात मांडीवर ठेवून. राजीव म्हणाला, "वास फर्स्ट क्लास हं! पण आज अंगारकी ना." सुमेधाने विचारलं, "चंद्र कितीला गं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळसुद्धा न बघता सांगितलं, "अकरा." हशा पिकला. तू मात्र हसली नाहीस, केळी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पळालीस.

आणि त्यावर मी लेख लिहिला. लोकांना फार आवडला. माझा सर्वांत लोकप्रिय लेख म्हणजे तुझी धावपळ.

माफी मागणं मला जमत नाही. चार वाक्यं लिहिली, चारही विनोदी झाली, फाडली. त्याऐवजी हेच सगळं, विनोद वगळून, जानेवारीच्या वार्तापत्रासाठी राजीवकडे दिलंय. तो म्हणाला, "उल्काताई, हे छापलंच पाहिजे का?" म्हटलं, हो.

सोबत २००८चं कॅलेंडर. आठ मार्चभोवती गोल आहे. शनिवार, चतुर्थी नाही, एकादशी नाही, शिवरात्र दोन दिवस आधी उरकते. तीनदा तपासलंय. हॉल मी धरून ठेवलाय. तू आली नाहीस तर मी एकटी बसेन तिथे, तेवढं मला मिळायलाच हवं. फक्त ती खोकी इतक्यात देऊ नकोस.

त्या संध्याकाळी आवराआवर करताना तू एक ग्लास आणि एक वडी माझ्यापुढे ठेवली होतीस. "तू तरी खरं सांग, जमतं का?" मी ॲसिडिटी आहे म्हणाले होते. मला ना ॲसिडिटी होती, ना उपास.

आज वडी तळली. कडा जरा करपल्या. घास, मग घोट, मग परत घास. छताकडे बघत सहा वड्या संपवल्या.

जमतं, नीना. तेव्हाही जमलं असतं.

तुझी (तू म्हणू देशील तर),
उल्का