मोटार आणि मुराळी

२४ जानेवारी १९४६, अमळनेर

आली एकदाची! स्टेशनापासून घरापर्यंत बैलांनी ओढत आणली — मोटार, आणि बैलांनी! निम्मं गाव मागून चालत होतं. हे पुढच्या सीटवर चाक धरून बसलेले, चेहरा असा गंभीर की वाटावं गाडी यांच्याच जोरावर चाललीय.

दोंडाईच्याच्या रतिलालशेठची गाडी. चार दारांची, बंद टपाची, काचा वरखाली होणारी. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून चिंचेखाली उभी केली ती तिथंच राहिली. यांनी शेठच्या कापसाच्या जिनातलं बंद इंजिन चालू करून दिलं, तर शेठ म्हणाले, आता ही पीडाही घेऊन जा. मालगाडीच्या उघड्या डब्यावर चढून आली बिचारी.

सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या. "तोता, हाई काय उचली लयना रे?" एवढंच लेकाला बोलल्या आणि आत गेल्या. गाडी म्हशीच्या गोठ्याशेजारच्या पडवीत लावली. म्हैस तिच्याकडे संशयानं बघतेय.

२७ जानेवारी

दिवसभर साफसफाई. मागच्या सीटवर कोंबड्यांची वस्ती होती — पिसं, पेंढा, दोन फुटकी अंडी. चिंचेचा पाला तर कुठं कुठं शिरलाय! गाद्या उंदरांनी खाल्ल्यात, खालच्या स्प्रिंगा टोचतात. मूळचा रंग कोणता ते कळेना. राखेनं घासत बसले. दुपारी एका दाराचा हातभर पत्रा स्वच्छ झाला आणि खालून निळा निघाला. गडद, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आभाळ असतं तसा. किती वेळ बघत राहिले!

हे इंजिनात डोकं घालून होते. जेवायला बोलावलं तर "हां" म्हणाले आणि आले नाहीत.

२८ जानेवारी

आत बसून दार लावलं की म्हशीचं हंबरणंसुद्धा लांबून येतं. डोळे मिटले. पारोळ्यापर्यंत गेले असेन.

५ फेब्रुवारी

आज लिहूनच टाकते. ही गाडी मला कशाला हवीय ते.

भाद्रपदात माझे वडील, अप्पा, गेले. आता येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची. मला भाऊ नाही. चुलते वेगळे निघाले तेव्हापासून बोलणंसुद्धा नाही. भडगावला आई एकटी त्या घागरीपुढं बसणार. मला तिथं असायचंय. बाकी काही मागत नाही मी देवाजवळ.

पण न्यायला कोण येणार? दर आखाजीला अप्पा स्वतः मुराळी होऊन यायचे, बैलांची दमणी जुंपून. माझं लग्न झाल्यापासून एकदा चुकले नाहीत. दमणीच्या घुंगरांचा आवाज मी गल्लीच्या पलीकडून ओळखायची. आले की आधी ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, मग सासूबाईंना म्हणायचे, लेकीला न्यायला आलोय. त्यांनी हो म्हणेपर्यंत माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आई वर्षाच्या आत उंबरा ओलांडणार नाही.

हे म्हणतात, मी पोचवतो, त्यात काय! त्यात काय? आखाजीला नवरा बायकोला माहेरी पोचवायला गेला की गाव एकच समजतं — टाकायला आणली. आणि मी आपली आपण गेले तर भांडून आली म्हणतील. सासूबाईंचं तर ठरलेलंच. "कोनी लेवाले उना बिगर लेकनी जावानं नही." न्यायला कोणी आल्याशिवाय लेकीनं जायचं नाही, हे म्हणताना आवाज चढत नाही त्यांचा. चढला असता तर भांडता तरी आलं असतं.

पण मोटारीला हे नियम कुठं लागू? मोटारीतून आलेल्या बाईला कोणी विचारतं का, तुला कोण आणायला गेलं होतं म्हणून? विचारत असतीलही. मला नाही माहीत. मला फक्त मी त्या निळ्या दाराआड बसून जाताना दिसते.

११ फेब्रुवारी

यांनी गियर शिकवले. उभ्या गाडीत! पाय इथं, हात तिथं, आवाज ऐकायचा. इंजिनच बंद तर आवाज कुठला ऐकू? तर म्हणाले, मनात ऐक.

मनात मला सगळं ऐकू येतं, ते यांना माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

स्वयंपाक आवरून पडवीत. आज धरणगावपर्यंत जाऊन आले. गाडी जागची हलली नाही.

२ मार्च

गाद्या भरायला घेतल्या. घरचा कापूस होताच. सरकी काढून, पिंजून भरायचा तर वेळ फार जातो. शिवाय मला वाटलं, सरकी असली तर गादी जरा घट्ट राहील, बसकी होणार नाही. तशीच भरली. वरून जुनी ताडपत्री धुऊन शिवली. टाके इतके बारीक पडलेत की मीच माझं कौतुक करतेय, दुसरं कोणी केलं नाही.

५ मार्च

काय सांगू! म्हशीनं दावं तोडलं, खिडकीतून मुंडकं घातलं आणि मागची गादी खाल्ली! सरकीचा वास. तिच्या जेवणाचीच गादी करून तिच्या शेजारी ठेवली मी — शेतकऱ्याच्या घरची म्हणवते स्वतःला!

रडायलाच आलं. ताडपत्री फाटलेली, कापूस पडवीभर, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करतेय. तेवढ्यात मागून आवाज आला. सासूबाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून, भिंतीला धरून, खाली बसून. या घरात आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना.

संध्याकाळी त्यांनी सूप घेतलं आणि माझ्यासोबत सरकी काढायला बसल्या.

१९ मार्च

धुळवड झाली. हे जळगावला जाऊन आले. लष्कराचा जुना माल विकायला निघालाय, त्यातून टायर मिळाले. एक जरा थोराड आहे. गाडी एका बाजूला किंचित वर राहील म्हणतात. राहू दे. कार्बुरेटर धुळ्याहून आणायचा.

गाद्या पुन्हा भरून झाल्या. म्हशीला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलंय.

२६ मार्च

भडगावचा कौतिक कासार बांगड्या घेऊन आला होता. आईचा निरोप त्याच्याजवळ. "बाईले सांग, कोनी लेवाले उना नही ते येऊ नको. मान राख." म्हणजे आईसुद्धा! त्यानं माझा हात धरून बांगड्या चढवल्या. तो गेल्यावर एक बांगडी हातातच फुटली. मुद्दाम नाही. तरी बरं वाटलं.

गाडीत जाऊन बसले. आज कुठंही गेले नाही.

४ एप्रिल

आज पाडवा उलटून दुसरा दिवस. भर दुपार, सगळं गाव निजलेलं. पाणी प्यायला उठले तर पडवीचं दार उघडं. वाटलं, म्हैस! धावत गेले.

मागच्या गादीवर सासूबाई बसल्या होत्या. पाय वर घेऊन, डोळे मिटून, एक हात खिडकीच्या काठावर. मी परत फिरणार तोच म्हणाल्या, "बठी पाही राह्यनू. मऊ शे."

मी पुढच्या सीटवर बसले. चाकावर हात ठेवले. दोघी उगाच समोर बघत होतो, समोर नुसती मातीची भिंत. मग त्या आपल्याच बोलायला लागल्या. तापीकाठचं त्यांचं माहेर, आमराई, आंब्याला बांधलेला झोका. त्यांचा भाऊ झुलाल मुराळी होऊन यायचा, वाटेत त्यांना खरबूज फोडून द्यायचा. तो पटकीच्या साथीत गेला. भाचे कधी आले नाहीत. तेव्हापासून सासूबाईंची आखाजी इथंच, चुलीपुढं. दुसऱ्यांच्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात ती ऐकत पुरण वाटायचं.

किती वर्षं झाली असतील? मी विचारलं नाही. मला आतून लाज वाटत होती की या बाईचं माहेर असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"मग तुम्ही आपणहून का नाही गेलात?" एवढं विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "लेवाले कोन उनं व्हतं?"

तेच वाक्य. पण आज ते माझ्यावर आलं नाही.

१७ एप्रिल

धुळ्याहून आणलेला कार्बुरेटर बसवला. हे हँडल मारून मारून घामाघूम. गाडी खोकते आणि गप्प बसते. गल्लीतली माणसं सल्ले देऊन गेली.

१८ एप्रिल

चालू झाली!! पडवीभर निळा धूर, म्हैस दावं ताणून उभी, हे काळेकुट्ट होऊन नाचतायत, आणि सासूबाई दाराशी हळदकुंकवाचं ताट घेऊन. कधी आणलं कोण जाणे. गाडीच्या दिव्याच्या काचेला कुंकू लावलं त्यांनी.

गिरणीच्या साहेबाकडून पेट्रोलची कुपनं मिळतील. भडगावला जाऊन परत येण्यापुरती.

२९ एप्रिल

आखाजी तोंडावर आली. गल्लीत लेकी यायला लागल्यात, दमण्या वाजतात. हे पुन्हा म्हणाले, चल, मी नेतो, कोण काय म्हणतं ते बघू. सासूबाई म्हणाल्या, तू बघशील, ऐकावं हिला लागेल. खरंय. यांना राग आला, गाडी पुसत बसले.

मी नुसती ओसरीवर. गाडी तयार, रस्ता कोरडा, अप्पांची घागर तिकडं, आणि मी इथं. निळा रंग बघायला जावंसंसुद्धा वाटलं नाही. इतकी चिडलेय की कोणावर ते सांगता येत नाही.

१ मे

भाकरी थापता थापता एक विचार आला. तव्यावरची करपली. यांना पडवीत बोलावून सांगितला. हे आधी माझ्याकडे बघत राहिले, मग इतके हसले की मला त्यांचं तोंड दाबावं लागलं.

३ मे

पहाटे यांनी गाडी बाहेर काढली. मी बसले. गल्लीच्या मागून बोरी नदीच्या कडेनं मोठा वळसा घेतला आणि भडगावकडून येतो त्या रस्त्यानं पुन्हा गावात शिरलो. घरापुढं थांबलो. यांना म्हटलं, तुम्ही बसूनच राहा, तुम्ही आज नुसते डायव्हर.

उतरले. चपला काढल्या. अप्पा बसायचे तिथं, ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर जाऊन बसले. सासूबाई अंगणात सडा घालत होत्या. हातातला तांब्या तसाच राहिला. शेजारच्या दारांतून तोंडं बाहेर आली. पण म्हटलं. त्यांच्याच बोलीत म्हटलं, म्हणजे सगळ्या गल्लीला कळावं.

"आत्याबाई, मी भडगावथीन उनू. तुमले आखाजीले लेवाले."

सून सासूला न्यायला आली, असं कोणी ऐकलंय? त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं, झालं, आता कायमच्या रागावल्या. मग आत गेल्या. बाहेर आल्या त्या तांब्या भरून.

"पानी पी. लांबथीन उनी, दमी गयी व्हशी."

मुराळ्याला म्हणतात तसंच! मी प्यायले. अर्धं अंगावर सांडलं. त्या लुगडं बदलून आल्या. हातात गाठोडं. बांधायला वेळच लागला नाही — कालपासून बांधून ठेवलं होतं की काय, विचारायची माझी हिंमत नाही. निघताना शेजारणीला म्हणाल्या, म्हशीकडे बघ, मी माहेरी चालले.

आणि नवरा आईला सोबत घेऊन बायकोला टाकायला जात नाही, एवढं तर गावालाही कळतं!

पारोळ्याच्या पुढं, रस्ता रिकामा बघून यांनी गाडी थांबवली, उतरले आणि मला म्हणाले, सरक. मी चालवली. खरी! कडुनिंब मागं जात होते, धूळ उडत होती, थोराड टायरामुळं गाडी एका बाजूला डुलत होती. मागून सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या, झोक्याचं गाणं असावं. सगळं मी पडवीत पाहिलं होतं तसंच. फक्त पडवीत मला रडू येत नव्हतं.

आईनं दारात भाकरतुकडा ओवाळला. आधी सासूबाईंवरून, मग माझ्यावरून. काही समजावून सांगावं लागलं नाही.

४ मे, भडगाव. आखाजी

घागर मांडली. वर खरबूज, आंबा, सांजोरी. भटजींनी विचारलं, मुलगा नाही तर पाणी कोण घालणार? आई खाली बघायला लागली. मी उठणार, तोच सासूबाई पदर खोचून पुढं झाल्या. माहेरी आलेल्या लेकीच्या हक्कानं तांब्या घेतला. "मी घालसू. मना भाऊ व्हता तो."