चार हजार जणांची उडी

प्रिय बारक्या,

हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देते आहे. फोन केला की तू कापतोस. गॅरेजवर यावं तर तुमच्या त्या संघाच्या पाठीराख्यांच्या पलटणीतलं कुणी ना कुणी तिथे टायरवर बसलेलं असतं, आणि त्यांच्यासमोर मला तुझ्याशी बोलायचं नाही. सात आठवडे झाले आपण बोललो नाही. एवढे दिवस तर तू लहानपणी माझी पेन्सिल तोडून लपलास तेव्हाही गप्प बसला नव्हतास. रागावून फाडायचं असेल तर फाड, पण शेवटचं पान वाचून मग फाड.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण आता गेटवर उभं राहायचं नसल्याने त्याला आराम आहे. मला मैदानावरून हलवून कचेरीतल्या मागच्या खोलीत बसवलंय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. जुन्या फायली लावून ठेवायच्या, एवढंच काम. खोलीला एक खिडकी आहे आणि ती नेमकी पूर्वेच्या स्टँडकडे उघडते. दिवसभर माझ्यासमोर तो रिकामा स्टँड असतो. रिकामा असताना तो अगदी साळसूद दिसतो.

त्या फायलींमध्ये परवा बाबांच्या वेळची हजेरीची वही सापडली. बाबा मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे आणि सामना सुरू झाला की गेटवर उभे राहून माणसं मोजायचे. एका पावसाळी सामन्याला त्यांनी आकडा लिहिलाय, त्रेसष्ट. त्या त्रेसष्टांत आपण दोघंही होतो, कारण बाबा आपल्यालाही मोजायचे. तुला दिसावं म्हणून ते चुन्याची बादली पालथी घालून द्यायचे. तू तिच्यावर उभा राहून रिकाम्या बाकांकडे बघायचास आणि म्हणायचास, ताई, एक दिवस इथे पाय ठेवायला जागा मिळणार नाही. मी हसायचे. आपला संघ तेव्हा इतका हरायचा, की पाहुणे संघ सामन्याआधीच परतीच्या गाडीत सामान ठेवून यायचे.

मग तो नवा प्रशिक्षक आला, ती दोन पोरं गोल मारायला लागली, आणि तीन वर्षांत काय झालं ते तुला मी काय सांगणार. हजाराचे अडीच हजार झाले, अडीचाचे पाच. मी गेटवरच्या फिरत्या दांड्याचा आवाज ऐकूनच सांगायचे की आज किती होणार. खोटं नाही सांगत, त्या दिवसांत मलाही मद चढला होता. बाजारात गेले की भाजीवाली मला हजेरी विचारायची, आणि मी आकडा असा सांगायचे जणू ती सगळी माणसं मीच जन्माला घातलीत.

वरच्या लीगचा नियम आला आणि सगळ्यांची झोप उडाली. मैदानात किमान दहा हजार माणसं बसली पाहिजेत, नाहीतर पहिला नंबर आला तरी वर घेणार नाही. आपली जागा सहा हजार दोनशे. पलटणीच्या त्या सभेत तू बाकावर चढून बोललास, शेजारच्या शहराचं मैदान तीस हजारांचं आहे म्हणून आपण काय जन्मभर त्यांच्याकडे मान वर करून बघायचं का. मी मागे उभी होते. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारणीला कोपर मारून सांगितलं, हा माझा भाऊ. पुढे तुम्ही सगळ्यांनी मिळून अकरा रविवार खपून पूर्वेला लोखंडी पाइपांचा चार हजारांचा स्टँड उभा केलात. कुणी रंगारी, कुणी शिंपी, कुणी शाळेतला मास्तर, आणि जोडणीला तू. क्लबने पाइप आणून टाकले, अंगमेहनत तुमची. मी डबे घेऊन यायचे, तेव्हा तुझ्या भुवया ठिणग्यांनी जळालेल्या असायच्या.

उद्घाटनाच्या सामन्याला सात हजार चारशे आले. तू ड्रम घेऊन सगळ्यात पुढे होतास, आणि तुझी ती लाट त्याच दिवशी सुरू झाली. ड्रमचे तीन ठोके, आणि तिसऱ्या ठोक्याला पूर्वेच्या स्टँडने एकदम उडी मारायची. समोरून बघताना अंगावर काटा यायचा. पण मी समोर नव्हते, बारक्या. मी चार नंबरच्या गेटवर होते, म्हणजे बरोबर तुमच्या पायांखाली.

त्या सामन्यानंतर झाडू मारणाऱ्या बाईने मला तीन लोखंडी पिना आणून दिल्या, बोटाएवढ्या, पाइपांच्या सांध्यात घालतात त्या. स्टँडखाली पडल्या होत्या. मला वाटलं, जोडताना उरलेल्या असतील. पुढच्या सामन्याला आठ हजार नऊशे आले, आणि अकरा पिना मिळाल्या. त्यातल्या दोन मधोमध वाकलेल्या होत्या. मी त्या रुमालात बांधून क्लबच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये नेल्या. ते नकाशा पसरून बसले होते, पंधरा हजारांच्या मैदानाचा. त्यांनी एक पिन उचलून नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवली, कागद उडू नये म्हणून. म्हणाले, "बाई, नवं लोखंड आहे, थोडं बसणारच." मी विचारलं, इंजिनिअरनी खाली उतरून पाहिलं का. ते म्हणाले, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय, वाचून घ्या. मी वाचलं. त्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी सही याच केबिनमध्ये बसून केली होती, हे मला चहा देणाऱ्याने सांगितलं. मैदानाकडे ते फिरकलेही नव्हते.

मग तो सामना आला, ज्याच्यानंतर तू माझ्याशी बोलायचं सोडलंस. तू नेहमी म्हणतोस, ताईने भर सामन्यात गेट बंद केलं, आणि तिथेच थांबतोस. मी काय पाहिलं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज लिहिते. आत नऊ हजार पाचशे वीस झाले होते. तुझा ड्रम वाजला. पहिल्या उडीला माझ्या कपात वरून तांबड्या गंजाची भुकटी पडली. दुसरीला मोजणीच्या खोलीतली ट्यूबलाइट हेलकावे खायला लागली. मी बाहेर येऊन वर बघितलं. मधला जाड खांब ज्या लोखंडी प्लेटवर उभा आहे, त्या प्लेटमध्ये आणि खांबात उजेडाची फट पडत होती आणि मिटत होती. तुम्ही वर गेलात की फट पडायची, खाली आलात की मिटायची. बोट घालता येईल एवढी. तुम्ही वर गात होतात, आणि मला गाणं ऐकू येत नव्हतं, फक्त लोखंड दातओठ खाल्ल्यासारखं करकरत होतं.

मी गेटची कडी घातली. बाहेर साडेतीनशे माणसं होती, हातात तिकिटं घेतलेली. मी त्यांना सांगितलं, आत जागा नाही. खरं कारण सांगितलं असतं तर आतल्या सगळ्यांनी एकदम जिन्याकडे धाव घेतली असती, आणि तो जिना केवढा आहे ते तुला ठाऊक आहे. दोन माणसं खांद्याला खांदा लावून उतरली तर तिसऱ्याला जागा नाही. त्यातच आपला गोल झाला. बाहेरच्यांना फक्त ओरडा ऐकू आला. एकाने माझ्यावर पाण्याची बाटली फेकली. त्यांचा राग मी समजू शकते. पण पुढच्या सामन्याला पूर्वेच्या स्टँडने माझ्यावर गाणं म्हटलं, गेटवाली म्हातारी, घरी जा. चार हजार माणसं एका सुरात. आणि ताल तुझा होता. तुझा हात मी झोपेतही ओळखेन. त्या दिवशी सव्वीस पिना पडल्या. दुसऱ्या दिवशी मला फायलींच्या खोलीत पाठवलं.

येत्या रविवारी शेवटचा सामना. जिंकलो तर वर जाणार. एकूण एक तिकीट संपलंय, आणि अध्यक्षांनी शेजारच्या संघाच्या लोकांनाही पूर्वेच्या जिन्याकडचा कोपरा दिलाय, असं कचेरीत बोलतात. पलटणीने ठरवलंय म्हणे, की या वेळी अधूनमधून उड्या नाहीत, सामन्याच्या प्रत्येक मिनिटाला एक. भिंतीवर कागद लागलेत, मी वाचले. कागदावर तुझं चित्र आहे, ड्रमसकट.

म्हणून मी मागच्या शुक्रवारी रजा टाकली आणि सगळ्या पिना पिशवीत घालून अग्निशमन कचेरीत गेले. तिथे एक बाई अधिकारी आहेत, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पिना टेबलावर ओळीने मांडल्या आणि मला एकच विचारलं, तुम्ही हे आणखी कुणाला दाखवलंय का. सोमवारी सकाळी त्या स्वतः आल्या. बरोबर एक माणूस आणि बॅटरी. पाऊण तास स्टँडखाली होत्या. मी खिडकीतून बघत होते. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे गुडघे मातीने भरले होते, आणि त्या थेट गाडीत जाऊन बसल्या. दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. शुक्रवारी हुकूम निघणार आहे. पूर्वेचा स्टँड सील होणार. रविवारी तिथे एकही माणूस बसणार नाही, आणि सहा हजार दोनशेच्या मैदानाला वरची लीग घेणार नाही. जिंकलो तरी नाही. बादलीवर उभा राहून तू जे मागितलं होतंस ते हातातोंडाशी आलेलं असताना मी काढून घेतलंय. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. शुक्रवारनंतर माझ्या दारासमोर गाणी होतील, कदाचित दगडही येतील. खिडकीच्या काचांना मी आतून पुठ्ठे लावलेत. पण मी हे पत्र माफी मागायला लिहीत नाहीये, आणि सांभाळून घे म्हणायलाही नाही.

लिहायचं कारण हे. सोमवारी त्या बाईंनी मला विचारलं, जोडणी कुणी केली. त्याआधी अध्यक्ष त्यांना भेटून गेले होते. ते सांगून गेले, की क्लबने सगळं सामान पुरवलं, पोरांनी हौसेनं उभारलं, काय कमी राहिलं ते पोरांनाच ठाऊक. तुला आठवतं, नवव्या रविवारी तू माझ्या जिन्यात बसून बूट काढत होतास, आणि खाली बघत म्हणालास, "ताई, स्टँड हलू नये म्हणून लागणारे तिरपे पाइप निम्मेच आलेत. अध्यक्ष म्हणतात, उरलेले मागाहून येतील, तुम्ही उभं करून टाका." मी तेव्हा म्हटलं, ते म्हणतात तर येतील. ते आले नाहीत. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस, मीही काढला नाही, आणि आपण दोघांनी सामन्यामागून सामने त्याच्यावर माणसं चढू दिली. माझ्यावरचा तुझा राग गेटचा नाही, बारक्या. मी पिना गोळा करते आहे हे तुला कळलं होतं, आणि त्या का पडतात हेही. बाईंनी जोडणीचं विचारलं. मग मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. तिरप्या पाइपांचं मात्र सांगितलं नाही, कारण ते तू सांगायला हवंस, माझ्या तोंडून ती ऐकीव गोष्ट होईल. हुकूम निघाला की अध्यक्ष तुझ्याकडे बोट दाखवतील, आणि त्यानंतर तू काहीही बोललास तरी ते अंग काढून घेणं वाटेल. उद्या गुरुवार आहे. बाई अकरा वाजता येतात. पलटण तुला सोडेल, हे मला माहीत आहे, आणि तुझ्यासाठी ते केवढं आहे हेही माहीत आहे. तरी ये. मी साडेदहापासून अग्निशमन कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण माझ्यासमोरून आत जा.

तुझीच,
ताई