आमच्याही दोन खोल्या

नागाव, शुक्रवार, संध्याकाळ

आज कोर्टाचा निकाल लागला. शेजारच्या सुरूच्या बनातल्या रिसॉर्टची परवानगी रद्द! पर्यावरणाची तपासणी नुसती कागदावरच झाली होती म्हणे. रिसॉर्टच्या बोअरने गावच्या विहिरी खाऱ्या झाल्या असत्या. गावभर पेढे वाटले. पण त्याच निकालात किनाऱ्यालगतची सगळी विनापरवाना बांधकामं पाडा म्हटलंय. म्हणजे पाहुण्यांसाठी बांधलेल्या आमच्या दोन खोल्याही. आणि रिसॉर्टविरुद्ध गावाने केलेल्या अर्जावर पहिली सही यांचीच.

मी यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. वकिलांनी आधीच सांगितलं होतं."

"मग मला का नाही बोललात?"

"तू सही करू दिली नसतीस."

नसती दिली? कोण जाणे. त्या खोल्यांवरच तर घर चालतं. पण ती सही डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळकरी पोरासारखी, ठळक, पूर्ण नावाची. तलाठ्यासमोर उभं राहिलं तरी यांना घाम फुटतो, आणि पहिली सही यांची!

चांगलं भांडायचं ठरवून मागे गेले, तर हे त्या खोल्यांच्या छपरावर चढून कौलं उतरवत होते.

"अहो, नोटीस तरी येऊ द्या!"

"दुसऱ्याचं थांबवा म्हणून आपणच कोर्टात गेलो. आता आपल्याला नोटीस कशाला हवी?"

शिडीवर चार पायऱ्या चढले आणि हात वर केले. म्हटलं, "द्या इकडे. एकटे असलात तर सगळी फोडाल."