घरच्या माणसाचं माप

प्रिय बुटके,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि पेनाला परत टोपण लावतो. बाबा गेल्यापासून बंद असलेलं शिवणाचं दुकान अखेर रिकामं केलं, परवा मालकाला किल्ली दिली. मोजपट्टी तेवढी मी ठेवून घेतली.

बाबांनी आपलं माप स्वतः कधी घेतलं नाही, आठवतं? शेजारच्या दुकानातल्या काकांपुढे आपल्याला उभं करायचे. घरच्या माणसाचं माप घेताना हात सैल पडतो, म्हणायचे. एकदाच तुझा फ्रॉक त्यांनी स्वतः मापला, तो तुला तीन वर्षं पुरला! त्या ढगळ फ्रॉकात बुटकी दिसायचीस, तेव्हाच हे नाव चिकटलं तुला. हसलीस ना? हसून घे.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा तपासणी माझ्याच विभागात झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं कॉम्प्युटरवर घेऊन अरुंद जागा मोजायची, हे माझं रोजचं काम. कॉम्प्युटर अरुंद भागाची निरोगी भागाशी तुलना करतो, पण निरोगी भाग कुठला ते दाखवणारी रेघ माणूसच ठेवतो. माझी सहकारी म्हणाली, तुम्ही उठा, मी मोजते. मी कसला ऐकतोय!

पहिला आकडा आला अडुसष्ट टक्के अरुंद. बाहेर बाबा नर्सला तिच्या बाहीची शिलाई कुठे चुकलीय ते समजावत होते. मी रेघ जराशी पुढे सरकवली, जिथे रक्तवाहिनी आधीच बारीक झाली होती. बारकीशेजारी बारकी, मग फरक तो काय दिसणार? आकडा झाला एकोणपन्नास आणि माझा जीव भांड्यात पडला. नुसत्या चित्रावरून डॉक्टरांचं नक्की ठरत नव्हतं. त्यांनी आकडा विचारला, मी दुसरा सांगितला. मग गोळ्यांवर भागेल, ऑपरेशन नको, म्हणाले. पुढे बाबांना दम लागायचा, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

तू लिहिलंयस, पडदे शिवायला त्यांना बोलावलं नसतं, मशीन घेऊन तीन मजले चढायला लावलं नसतं, तर बाबा आज असते. तो जिना आता चढवत नाही, म्हणून घर विकतेयस. बाबा गेले त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून तू माफी मागितलीस आणि मी नुसता तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. पाच महिने तुला तसंच समजू दिलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. हे पत्र पेटीत टाकून मी डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवायला जाणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. अडुसष्ट सांगितलं असतं तर बाबा नक्की वाचले असते, असं कुणी सांगू शकणार नाही. पण त्यांना जिना चढायला मोकळं सोडलं ते मी, तू नाहीस. घर विकू नकोस, बुटके.

तुझाच म्हणवून घ्यायला आज धजत नाही,
दादा