शाळेच्या पूर्वेला

१२ जुलै

डोकं अजून तापलेलं आहे. तालुक्याचे साहेब आज चौथीचा भूगोल तपासायला आले. चान्तूला उभं केलं. "शाळेच्या पूर्वेला काय आहे?"

चान्तूनं विचारलं, "कधी?"

"कधी म्हणजे? पूर्व काय दर महिन्याला बदलते?"

पोर डगमगली नाही. "पूर्व नाही हो. आपण बदलतो."

वर्ग हसला. साहेब नाही. तोन्ले साप सरोवर फुगलं की घरं, दुकानं, शाळा – सगळं तरंगतं गाव होड्यांनी ओढत झाडीच्या आडोशाला न्यायचं. ओसरलं की पुन्हा आत, खोल पाण्याकडे. अक्षरं गिरवण्याआधी हे आमच्या पोरांना कळतं! साहेबांचा शेरा : मुलांना दिशा समजत नाहीत.

१३ जुलै

राग भाताबरोबर गिळला. तरी वर येतो.

१९ जुलै

हुकूम! नकाशात ठिपका आहे तिथंच शाळा कायमची बांधून ठेवायची. हलली तर मी निलंबित.

साहेबांना फोन केला. "पाणी वाढतंय. महिनाअखेर गाव निघेल. इथं उघड्यावर लाटा शाळा फोडतील. मुलं येणार कशी?"

"गुरुजी, भूगोल तुम्हीच शिकवता ना? मग नकाशा पाळा."

नकाशा पाळा! कुणीतरी पाणी उतरलेलं असताना येऊन बोट टेकवलं, तो हा नकाशा. सरोवरानं आता नकाशाच्या मर्जीनं वागायचं!

२१ जुलै

वर्षावास सुरू झाला. विहारात भात अर्पण केला. भन्त्यांना म्हणालो, "पावसाळाभर एका जागी राहायचा तुमचा नियम. आणि विहार तर आमच्याबरोबर तरंगत जातो!"

भन्ते म्हणाले, "मी आसनावर असतो. आसनाखालच्या पाण्याला नियम कोण सांगणार? तू सांगतोस?"

हसू आलं. घरी पोचेपर्यंत पुन्हा संताप.

२६ जुलै

चान्तूची आई होडीतूनच ओरडली, "गाव हलल्यावर एवढ्या लाटांतून पोरीला वल्हवत पाठवायची मी नाही! बसा तुम्ही एकटे, ठिपक्यावर!"

तिचं काय चुकलं? चान्तूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बुद्धासमोर उदबत्ती लावली. काही मागितलं नाही. नुसता बसलो.

२९ जुलै

आज गाव हललं. सर्वांत पुढं शाळा – पहिला दोर मीच सोडला. निलंबनाचा कागद कुठल्या पत्त्यावर पाठवतात, बघू!